तळ्यातला मासा वर चढला कसा?

(इयत्ता चौथी व पाचवी, परिसर अभ्यास : पूरक पाठ)



आजचा पाठ पुस्तकातला नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारलेल्या प्रश्नातून तो तयार झाला. आणि ज्या मुलाने तो प्रश्न विचारला, त्याला मी आदल्याच दिवशी सगळ्या वर्गासमोर रागावले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला मी फार शहाणी वाटणार नाही.

आमची शाळा कोकणातली, डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या पट्ट्यातली. गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी, माझा नवरा आणि माझे मामा असे तिघे उत्तराखंडात डोडीतालला जाऊन आलो. मामा एसटीतून निवृत्त झालेत. गळाने मासे धरायचा त्यांना लहानपणापासून नाद. डोंगरातल्या तळ्यावर एकदा तरी गळ टाकायचा, ही त्यांची जुनी इच्छा. माझी इच्छा वेगळी होती. डोडीताल हे गणपतीचं जन्मस्थान आहे अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे आणि तळ्याच्या काठावर गणपतीचं छोटं देऊळ आहे. कोकणातल्या माणसाला एवढं कारण पुरतं.

आधी वाटेबद्दल थोडं सांगते, कारण मुलांना सर्वांत जास्त उत्सुकता त्याचीच होती. डेहराडूनहून उत्तरकाशी, तिथून जीपने संगमचट्टी, आणि मग पायी. अगोडा नावाचं गाव, पुढे बेबरा, मांझी, आणि शेवटी तळं. सगळं मिळून साधारण एकवीस-बावीस किलोमीटर. आम्ही ते दोन दिवसांत चाललो. वाट बहुतेक जंगलातूनच जाते. ओक, देवदार, आणि बुरांश म्हणजे लाल फुलांची ती झाडं. खाली दरीत अस्सी गंगा वाहत असते. ही नदी डोडीतालमधूनच निघते आणि उत्तरकाशीच्या जवळ गंगोरीला भागीरथीला मिळते. ऑगस्ट २०१२ मध्ये याच अस्सी गंगेला मोठा पूर आला होता आणि खोऱ्यात खूप नुकसान झालं होतं. डोंगरातली नदी शांत दिसते म्हणून तिच्या पात्रात तंबू टाकू नये, हे आम्हाला वाटाड्याने दोनदा बजावलं.

तळं समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या थोडं वर आहे. मुलांना आकडा सांगून काही कळत नाही, म्हणून मी फळ्यावर कळसूबाई काढली. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटर. तिच्या डोक्यावर आणखी एक कळसूबाई ठेवायला घेतली तर ती पूर्ण बसायच्या आधीच डोडीताल येतं. हे मात्र सगळ्यांना लगेच समजलं.

पाठीवरच्या पिशवीचं गणितही वर्गात चांगलं रंगलं. माझी सॅक ९ किलोची होती आणि माझं वजन ५८ किलो. म्हणजे जवळजवळ साडेपंधरा टक्के. शाळेच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असा नियम आहे. आम्ही रेशन दुकानातून काटा आणून सगळी दप्तरं मोजली. निकाल इथे लिहीत नाही. पालकांनी आपापल्या घरी मोजून बघावा.

आता तळ्याकडे येऊ.

पाणी इतकं स्वच्छ की काठावर उभं राहिलं तरी तळाचे दगड दिसतात, आणि त्या दगडांवरून सरकणारे मासेही दिसतात. अंगावर काळे-तांबडे ठिपके. हा तपकिरी ट्राउट. मामांनी परवाना आधीच काढून घेतला होता. परवान्याशिवाय तिथे गळ टाकता येत नाही. (नियम बदलत असतात, जाणाऱ्यांनी आधी उत्तरकाशीला चौकशी करावी.) त्यांनी गांडूळ वापरलं नाही. दोरीच्या टोकाला चमच्यासारखा धातूचा छोटा पत्रा असतो, तो पाण्यातून ओढला की फिरतो, चमकतो, आणि ट्राउटला वाटतं छोटा मासा पळतोय. मामा दोन तास बसले. उभे राहिले की मासे लांब जायचे, बसले की जवळ यायचे. शेवटी एक लागला, वीतभर लांबीचा. मामांनी हात ओले करून तो धरला, गळ काढला आणि परत सोडून दिला. मी विचारलं, एवढं चालून आलो आणि सोडला का? मामा म्हणाले, "अगं, लहान आहे. आणि खायला घरी बांगडा आहे की." हात ओले कशाला केले, तर कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग त्याला रोग लागतो. हे मला माहीत नव्हतं.

मी भरपूर फोटो काढले. मनात पाठ तयार होता: हिमालय, थंड प्रदेश, तिथली झाडं, तिथले प्राणी. छान तक्ता होईल असं वाटलं होतं.

शाळा १५ जूनला सुरू झाली. पाऊस त्याच आठवड्यात जोरात आला आणि चौथीतला एक मुलगा तीन दिवस आलाच नाही. कोकणातल्या शिक्षकांना याचं कारण विचारावं लागत नाही. वलगण. काही ठिकाणी चढणीचे मासे म्हणतात. पहिल्या मोठ्या पावसाने ओढे भरले की नदीतले, खाडीकडचे मासे उलट्या प्रवाहाने वर चढतात, ओहोळातून भाताच्या खाचरापर्यंत जातात आणि तिथे अंडी घालतात. आणि अख्खं गाव रात्री बॅटऱ्या घेऊन पाण्यात उतरतं. पाग, टोपल्या, बांबूचे सापळे, काही नाही तर जुनी साडी. चौथ्या दिवशी तो आला तेव्हा मी हजेरीपत्रक उघडूनच बसले होते. म्हटलं, "शाळा बुडवून मासे धरायचे? उद्या मोठा झाल्यावर हेच करणार का?"

तो काही बोलला नाही. तसा तो वर्षभर काही बोलत नसे. वाचनात मागे, पाढ्यांत मागे, बसायचा मागे. माझ्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे "प्रगती आवश्यक" असं लिहिलेलं होतं, आणि त्याखाली काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी फोटो दाखवले. मोबाइलवरून टीव्हीवर. बर्फाचा डोंगर आला, मुलं ओरडली. देऊळ आलं, कोणीतरी "गणपती बाप्पा" म्हटलं आणि सगळे "मोरया". मग ट्राउटचा फोटो आला. मागून आवाज आला.

"बाई, ह्यो मासा वर चढला का कुनी सोडला?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, तो तिथेच राहतो. त्यावर तो उठून उभा राहिला. म्हणाला, मासा खालूनच येतो. पाणी तुटलं नाही तर तो कितीबी वर जातो. पण मधे माणसाएवढी उडी असली तर आपला मासा चढत नाय. तुमी चालत गेल्या त्या वाटेत धबधबा होता का?

शिक्षक मित्रांनो, हा प्रश्न कोणत्या पुस्तकातला आहे ते मला सांगा. मी बी.एड.ला नाही गेले, डी.एड. केलं, पण पाठ टाचणात "विद्यार्थ्यांची पूर्वज्ञान जागृती" असा रकाना भरायला आम्हाला शिकवलं होतं, आणि मी तो दहा वर्षं भरत आले होते. त्या दिवशी विद्यार्थ्याचं पूर्वज्ञान जागं होतं, बाईंचं नव्हतं. मी खरं तेच सांगितलं: मला माहीत नाही, शोधून सांगते.

शोधल्यावर जे मिळालं ते इथे देते. तुम्हाला वर्गात वापरता येईल.

उत्तर असं, की तो सोडलेला आहे. तपकिरी ट्राउटचं मूळ घर युरोप आणि त्याला लागून असलेला पश्चिम आशियाचा भाग. भारतात तो इंग्रजांनी आणला. त्यांना आपल्या देशातल्यासारखी गळाची मासेमारी इथे हवी होती, एवढंच कारण. १८६३ मध्ये फ्रान्सिस डे यांनी निलगिरीत ट्राउट आणायचा प्रयत्न केला, तो फसला. काश्मीरसाठी १८९९ मध्ये अंडी पाठवली, ती वाटेतच मेली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून पुन्हा पाठवली आणि ती जगली. विचार करा, माशाची अंडी, शेवाळात गुंडाळून, बर्फात ठेवून, बोटीने आठवडेच्या आठवडे. बर्फ वितळलं की संपलं. मुलांना हा भाग गोष्टीसारखा सांगितला तर ती श्वास रोखून ऐकतात. मध्येच थांबून विचारा: अंडीच का पाठवली, मासे का नाही? आमच्या वर्गात उत्तर आलं, "मासा श्वास घेतो, त्याला पाणी जास्त लागतं." उत्तर जवळपास बरोबर आहे. गारठ्यात अंड्याची वाढ मंदावते आणि त्याला ऑक्सिजन फार कमी लागतो.

हिमालयाचे स्वतःचे मासे आहेतच. असेला नावाचा मासा थंड ओढ्यांत दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. खाली मोठ्या नद्यांत महासीर. ट्राउट हा तिथला पाहुणा, पण आता त्याला शंभर वर्षं होऊन गेली आणि पर्यटकांना तोच तिथला मालक वाटतो. मलाही तसंच वाटलं होतं.

कृती : मासा थंडीत का राहतो?

साहित्य: दोन काचेचे पेले, साधं पाणी, फ्रिजमधलं पाणी. थंड पाण्याचा पेला उन्हात ठेवा. अर्ध्या-पाऊण तासाने आतल्या बाजूला बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतील. ही पाण्यात विरघळलेली हवा. पाणी तापलं की ती पाण्यात मावत नाही, बाहेर येते. मासा हीच हवा कल्ल्यांनी घेतो. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात साधारण ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साधारण ७.६. म्हणून ट्राउट गार पाण्यात राहतो, असं मी वर्गात शिकवून मोकळी झाले.

पण इथे माझी एक चूक झाली होती आणि ती घरी गणित करताना सापडली. वरचे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. तीन हजार मीटरवर हवेचा दाब इथल्या सुमारे ७० टक्केच असतो, म्हणून तर आम्हाला तिथे चढताना धाप लागत होती. मग पाण्यातही हवा कमीच शिरणार. ११.३ चे ७० टक्के म्हणजे सुमारे ७.९. म्हणजे डोडीतालच्या गार पाण्यात आणि आमच्या गावच्या कोमट तळ्यात ऑक्सिजन जवळजवळ सारखाच! गार पाण्याचा खरा फायदा असा, की त्यात माशाचं शरीर संथ चालतं, त्याला ऑक्सिजन कमी लागतो. कोमट पाण्यात ट्राउटची गरज वाढते आणि पुरवठा तिथे पुरत नाही. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर "बाईंची चूक" असं लिहून हे समजावलं. चौथीला टक्केवारी जड जाते, पण दहापैकी सात भाग असं सांगितलं की जमतं. पाचवीला तर हे उदाहरण जरूर द्या.

यानंतर मुलांनी साहजिकच पुढचा प्रश्न विचारला: सोडला तर सोडला, बिघडलं काय?

डोडीतालबद्दल मी काही सांगू शकले नाही. पण कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वताबद्दल नीट अभ्यास झालेला आहे, तो सांगितला. तिथे उंचावर हजारो तळी आहेत, जुन्या हिमनद्यांनी कोरलेली. मधे धबधबे आणि कडे असल्यामुळे त्यांतल्या बहुतेक तळ्यांत मासा नव्हताच. (इथे आमचा मागच्या बाकावरचा हसला. त्याचा धबधब्याचा नियम अमेरिकेतही लागू होता.) एकोणिसाव्या शतकात लोकांनी खेचरांच्या पाठीवर डबे लादून तिथे ट्राउट नेले. पुढे तर विमानातून तळ्यांत पिल्लं टाकायला लागले. लोक पाठीवर सॅक घेऊन दोन-दोन दिवस चालत जातात, तळ्याकाठी तंबू टाकतात, मासे धरतात. त्यांच्यासाठी ही सोय.

त्या तळ्यांत एक पिवळ्या पायांचा डोंगरी बेडूक होता. आपल्याकडे बेडकाचं पिल्लू एका पावसाळ्यात बेडूक होऊन मोकळं होतं. तिथे थंडी इतकी, की त्याला दोन ते चार वर्षं लागतात. तेवढी वर्षं त्याला असं तळं हवं जे हिवाळ्यात तळापर्यंत गोठत नाही आणि उन्हाळ्यात आटत नाही. म्हणजे खोल तळं. आणि ट्राउट सोडले तेही नेमके खोल तळ्यांतच. ट्राउटने ती पिल्लं खाल्ली. हा बेडूक त्याच्या जुन्या ठिकाणांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त ठिकाणांहून गेला. एक बुरशीजन्य रोगही त्याच्या मुळावर आला, सगळा दोष माशाचा नाही. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात १९९१ मध्ये मासे सोडणं बंद झालं. मग काही तळ्यांतून जाळी लावून ट्राउट काढून टाकले, आणि त्यांतल्या अनेक ठिकाणी बेडूक परत वाढले. २०१४ मध्ये तिथल्या सरकारने या बेडकाला संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं.

एका मुलीने विचारलं, "मग गळ टाकणारी माणसं रागावली नाहीत का?" काही जण रागावले असणारच. आजोबांनी जिथे मासा धरला, तिथेच नातवाला घेऊन जावं असं कोणाला वाटणार नाही? मामांचा चेहरा माझ्यासमोर आला. म्हणून मी वर्गात मासेमारी वाईट असं म्हटलं नाही आणि तुम्हीही म्हणू नका असं सुचवते. मुलांच्या घरी संध्याकाळी मासेच शिजत असतात.

आपल्याकडची उदाहरणं मुलांनीच दिली. आरोग्य खात्याची माणसं डासांसाठी टाकीत, डबक्यात गप्पी मासे सोडतात; गप्पी दक्षिण अमेरिकेचा. बाजारात मिळणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची. हे कळल्यावर एकजण म्हणाला, "मग आपला मासा कुठला?" फळ्यावर यादी झाली: मरळ, शिंगटी, खवला, मळ्या. यादी सांगणारा मागच्या बाकावरचा, लिहिणारी मी. कोणता मासा पहिल्या पावसाला चढतो, कोणता नंतर, कोण दगडाखाली राहतो, कोणाचा काटा लागला की हात सुजतो, सगळं तो सांगत होता. काही नावं मला लिहिता येईनात, कारण ती मी कधी ऐकलीच नव्हती. "बाई, तसं नाय, असं," करत त्याने मला तीनदा सुधारलं. वर्ग हसत होता आणि तोही.

त्याच आठवड्यात मी त्याच्या आजीला शाळेत बोलावलं. आजी घाबरूनच आली, नातवाची तक्रार असेल म्हणून. मुलांनी तिला विचारलं, पूर्वी वलगणीला किती मासे यायचे? आजी म्हणाली, "पयले टोपलीनं धरायचो न् टोपली भरायची. आता मच्छरदाणी लावतात, पिल्लूबी सुटत नाय. न् चढणार तरी कुठं? मधे बांध घातलाय ना."

बांध. आमच्या ओढ्यावर काही वर्षांपूर्वी सिमेंटचा बंधारा झाला. त्याचा फायदा आहे, मार्चपर्यंत पाणी टिकतं, बायकांचा हेलपाटा वाचला. पण वलगणीला मासे बंधाऱ्याच्या पायथ्याशी येऊन थटतात. वर चढता येत नाही. तिथे गोळा होतात आणि तिथेच लोक त्यांना सहज उचलतात, पोटात अंडी असलेल्यांना. नातवाने हे पाहिलेलं होतं. म्हणूनच त्याने मला धबधबा होता का असं विचारलं होतं! माझ्या हिमालयाच्या फोटोत त्याला आमच्या ओढ्याचा बंधारा दिसत होता, आणि मी तक्ता करायच्या विचारात होते.

हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर गंगेत झालेला आहे. फरक्का धरण १९७५ मध्ये सुरू झालं आणि समुद्रातून वर प्रयागराजपर्यंत जाणारा हिल्सा मासा त्या भिंतीपाशी अडला. वरच्या भागातल्या मच्छीमारांची हिल्साची पकड जवळजवळ संपली. काही देशांत बंधाऱ्याच्या कडेने माशांसाठी जिना करतात, एकेका पायरीवर पाणी साचेल असा. मासा एक-एक पायरी उडी मारत वर जातो. मुलांना ही कल्पना इतकी आवडली की चित्रकलेच्या तासाला सगळ्यांनी जिनेच काढले. एकाने कठडाही काढला.

कृती : बंधारा मोजणे

ही कृती पावसात करू नका. ओढ्याला पाणी वाढत असताना मुलांना काठावरसुद्धा नेऊ नये, आणि पालकहो, वलगणीला लहान मुलं गेलीच तर मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर राहू द्या. दरवर्षी कुठून ना कुठून वाईट बातमी येते. आम्ही एप्रिलमध्ये, ओढा कोरडा असताना गेलो. दोरीला दगड बांधून बंधाऱ्यावरून सोडली, गाठ मारली, पट्टीने मोजली. १ मीटर ४० सेंटीमीटर. मग भिंतीवर खडूने मुलांची उंची मांडली. बंधारा चौथीतल्या सगळ्यात उंच मुलीपेक्षा थोडा जास्तच भरला. मळ्या मासा बोटाएवढा असतो, सात-आठ सेंटीमीटर धरला. १४० भागिले ७ म्हणजे २०. स्वतःच्या वीसपट उडी! मुलांनी मैदानावर आपापल्या उंचीच्या वीसपट अंतर पावलांनी मोजलं आणि मग ते उभं धरलं तर शाळेच्या नारळाच्या झाडाच्या किती वर जाईल याचा अंदाज बांधला. हा गणिताचा तास कोणाला कंटाळवाणा झाला नाही.

भाषेच्या तासाला दोन कामं झाली. एक, माशांच्या नावांचा शब्दकोश. प्रत्येक नावाला एक पान, घरच्या बोलीतलं नाव वर, कुठे मिळतो, कसा ओळखायचा. सव्वीस पानं भरली. दुसरं, ग्रामपंचायतीला पत्र: बंधाऱ्याच्या एका कडेला दगडांच्या पायऱ्या रचता येतील का, आणि पहिल्या पावसाचे दोन दिवस पायथ्याशी मासे धरू नयेत असं गावाला सांगता येईल का. पत्राचा मजकूर मुलांचा, शुद्धलेखन माझं. सही करताना मागच्या बाकावरच्याने आपलं पूर्ण नाव पहिल्यांदा जोडाक्षरासकट बरोबर लिहिलं.

एक अडचण राहिली, ती लपवत नाही. त्याचे वडील शाळेत आले आणि म्हणाले, "बाई, पायथ्याशी नाय धरायचे तर मग आमी धरायचे कुठं? दोन दिवसांचे सुके करून महिनाभर पुरवतो आमी." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगा शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "बाबा, बारकी जाळी नको लावायला, मोठ्या डोळ्याची लावू." वडील त्याच्याकडे बघत राहिले. नंतर काय ठरलं ते मला सांगितलेलं नाही.

यंदा मी वार्षिक नियोजनात बदल केला आहे. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात चौथीला पाणी आणि सजीव यांचे पाठ पुढे घेतले आहेत, आणि वलगणीच्या दिवसांत जो येणार नाही त्याने परत आल्यावर तीन गोष्टी सांगायच्या: कोणते मासे चढले, किती वाजता, आणि पाणी कुठपर्यंत आलं होतं. हजेरीपत्रकात गैरहजेरी लागतेच, ती काही मला टाळता येत नाही. नोंदवही वेगळी ठेवली आहे. मामांना तिचे फोटो पाठवले, तर त्यांचा फोन आला की पुढच्या पावसात ते आमच्याकडे येणार आहेत, त्या मुलाबरोबर ओढ्यावर बसायला. गळ आणू का, असं विचारत होते. मी म्हटलं, त्यालाच विचारून सांगते.